देवराईचा कार्बन मोजायला निघालात? मग आधी हे वाचा

हवामान आराखड्यासाठी देवराईचा कार्बन मोजणार असाल, तर फक्त झाडं मोजून परतू नका. 2030 पर्यंत 250 ते 300 कोटी टन कार्बन डायऑक्साइड जादा शोषणारं वनाच्छादन आणि वृक्षाच्छादन उभं करायचं, असं देशाचं उद्दिष्ट होतं. सरकारी मोजणीत मात्र एक हेक्टरवर 10 टक्के झाडांचं छत्र असलं की झालं वन. मग ऑस्ट्रेलियन बाभूळ काय आणि बेहडा काय, सारखेच! हा फरक कागदावर तुम्हालाच आणावा लागतो.

प्लॉट 31.62 मीटर बाजूचा चौरस घ्या, म्हणजे 0.1 हेक्टर. उतारावर टेप जमिनीला टेकवू नका, आडवी ताणा. नाहीतर प्लॉट लहान पडतो. खोडाचा घेर 1.37 मीटर उंचीवर मोजा, वेली टेपखालून काढून. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो: झाडाचं शुष्क वजन काढायच्या सूत्रात व्यासाऐवजी घेर टाकला की उत्तर जवळजवळ दहापट येतं. आधी घेराला 3.14 ने भागा. शुष्क वजनाला 0.47 ने गुणलं की कार्बन, त्याला 3.67 ने गुणलं की कार्बन डायऑक्साइड. तक्त्याच्या शीर्षकात यातलं नेमकं काय ते लिहा.

त्याच प्लॉटमध्ये ढोल्यांची झाडं वेगळी नोंदवा. पोकळ बेहड्यात कार्बन कमी, पण धनेश पक्ष्याचं घरटं तिथेच असतं. ही यादी ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत चढवून घ्या.

आणि कार्बनच्या नावाखाली सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, झाडं लावायला खड्डे खणू देऊ नका. तो पडीक नाही. तिथली पावसाळी फुलं सावलीत जगत नाहीत.