अंग बाहेर येतंय, म्हणजे पिशवी काढावीच लागणार का?

लालबागच्या चाळीतल्या ५२ वर्षांच्या बाई. तीन बाळंतपणं, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. पहाटे पाणी आलं की हंडे भरून तिसऱ्या मजल्यावर न्यायचे. संध्याकाळी खाली जड व्हायचं, आंघोळीला हाताला मऊ गोळा लागायचा, आडवं झालं की तो आत जायचा. वर्षभर घरात कुणाला बोलल्या नाहीत. "ताई, कॅन्सर नाही ना? पिशवी काढली की सुटले ना?"

तपासणीत गर्भाशयाचं तोंड योनीच्या दारापर्यंत उतरलेलं दिसलं. अंग बाहेर येणं म्हणजे कॅन्सर नव्हे. पिशवी बिघडलेली नसते, तिला तोलून धरणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि बंध सैल पडलेले असतात. म्हणून नुसती पिशवी काढून आधार दिला नाही, तर पुढे योनीचं वरचं टोकही खाली येऊ शकतं. मुंबईच्याच डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी पिशवी ठेवून तिला वर बांधून घ्यायच्या शस्त्रक्रिया केल्या, त्यांत हा आधारच दिला जातो.

बाईंना या तळाच्या स्नायूंचा व्यायाम आधीच सांगितला होता, पण चुकत होता. करून दाखवायला सांगितलं तर श्वास रोखला, ढुंगण आवळलं, पोट फुगवलं. म्हणजे जोर उलटा खालीच! मग पाठीवर झोपवून, गुडघे वाकवून, एक हात पोटावर ठेवायला सांगितला. वारा अडवतो तसं गुदद्वार आत-वर ओढायचं, तीच ओढ पुढे लघवीच्या जागेपर्यंत न्यायची. आकडे मोठ्याने मोजायचे, मग श्वास रोखलाच जात नाही. सुरुवातीला तीन सेकंद, हळूहळू आठ, तेवढीच विश्रांती. असं ८ ते १० वेळा, दिवसातून तीनदा, निदान चार महिने. लघवी करताना मध्येच धार अडवून हा सराव करू नये. खोकला-शिंक येताना, वजन उचलताना मात्र आधी आवळायचं.

हंड्याऐवजी अर्धी बादली. बद्धकोष्ठ असेल तर भरपूर पाणी, इसबगोल, कुंथायचं नाही. जुना खोकला अंगावर काढायचा नाही.

एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर योनीत पिशवीला आधार देणारी मापाची रिंग बसवतात. ती दर ३ ते ६ महिन्यांनी तपासून घ्यावी लागते. पाळी गेलेल्यांना सोबत इस्ट्रोजेनचं मलम देतात. रक्त गेलं, लघवी अडली, गोळा आत जाईना किंवा त्यावर जखम दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

चार महिन्यांनी बाई आल्या. दमलेल्या दिवशी गोळा अजून हाताला लागतो, पण जडपणा उतरलाय. शस्त्रक्रियेचं त्यांनी तूर्त थांबवलंय, आणि पाणी आता मुलगा भरतो.