शाळांना बुद्धिबळाचे संच द्यायचेत? आधी एवढं करा

तुमचा विचार फार चांगला आहे, नक्की करा. फक्त पन्नास शाळांना एकेक संच वाटू नका. नव्या माणसाकडून हीच चूक हमखास होते. एका संचावर दोघंच खेळतात, बाकीचा वर्ग नुसता बघत राहतो. त्यापेक्षा जिल्हा परिषदेच्या दोन-तीनच शाळा निवडा आणि प्रत्येकीला दहा-पंधरा संच द्या.

लाकडी, शोभेचे संच नकोत. गुंडाळता येणारा रेक्झिनचा पट, प्लॅस्टिकच्या जड सोंगट्या आणि कापडी पिशवी पुरे. जास्तीची प्यादी जरूर द्या, आधी तीच हरवतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे शिक्षक. मुख्याध्यापकांना भेटून विचारा, आठवड्यातला एक तास कोण सांभाळणार? नाव मिळेपर्यंत संच देऊ नका, नाहीतर ते कपाटात कुलूपबंद होतात. त्या बाईंना किंवा गुरुजींना खेळ येत नसला तरी चालेल. पहिल्या दिवशी फक्त प्याद्यांचा डाव शिकवा: ज्याचं प्यादं आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. मुलं लगेच रमतात.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, हे मुलींना आवर्जून सांगा. स्पर्धा, घड्याळं, रेटिंग सध्या बाजूला ठेवा. महिन्याभराने मात्र शाळेत पुन्हा चक्कर मारा.