वीस नको, दोन-तीन साइट्स पुरेत

मुलीला घरी शिकायला कोणत्या साइट्स चांगल्या, असं विचारलंत. एकदम ढीगभर जमवू नका. मी वीसेक जमवल्या होत्या, उघडल्या दोनच. सुरुवात अरविंद गुप्तांच्या साइटवरून करा. काडेपेटी, स्ट्रॉ, सायकलची जुनी ट्यूब यांतून केलेली विज्ञान-खेळणी तिथे आहेत, छोटे व्हिडिओ मराठीतही आहेत, आणि पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. व्हिडिओ अर्धवट सोडून पोर कात्री शोधायला उठलं, की समजा साइट कामाची. (पसारा होणार, तो आवरायची तयारी ठेवा.)

गोष्टींसाठी ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेची स्टोरीवीव्हर ही साइट. तिथे वाचनाच्या ४ पातळ्या आहेत. वय बघू नका, आधी एक पातळी खालचीच द्या. भाषांतर कुणीही करू शकतं, त्यामुळे मराठी कधीकधी अडखळतं. गोष्ट आधी स्वतः वाचा.

पुढे सहावी-सातवीत गेली की फेट (PhET) ही साइट. कोलोरॅडो विद्यापीठाची ही सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, बरीचशी मराठीतही. सर्किट जोडून बल्ब पेटवायला सांगा आणि शेजारी गप्प बसा.

पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या साइटवर पीडीएफमध्ये मिळतातच. पहिल्याच पानावर मोबाइल नंबर मागणाऱ्या साइटवरून मात्र मागे फिरा. मी दिला होता. आठवडाभर क्लासवाल्यांचे फोन.