बिअरला वाइनची चव कुठून येते?

प्रश्न : भाचा स्वित्झर्लंडला नोकरीला आहे, सुट्टीवर येताना तिकडच्या डोंगरातल्या एका छोट्या ब्रुअरीची बाटली घेऊन आला. म्हणतो बिअर आहे, पण चव आंबट, वाइनसारखी, फेस तर नावालाच. आम्हाला वाटलं प्रवासात बिघडली, तो म्हणतो अशीच असते. खरं काय? आणि बार्शीकडं आमची द्राक्षबाग आहे, भाऊ म्हणतोय बाग सेंद्रिय करू आणि असलंच कायतरी चालू करू. जमेल का?
— एक बागायतदार, जुळे सोलापूर

उत्तर : दादा, भाच्याचंच बरोबर दिसतंय. बाटलीवरचं नाव तुम्ही लिहिलं नाही, पण स्विस डोंगर आणि आंबट बिअर म्हटलं की मला आधी ज्युरा पर्वतातलं सेन्येलेजिए गाव आठवतं. तिथं जेरोम रेबेटेझनं १९९७ साली ब्रुअरी काढली, आणि गंमत म्हणजे हा गडी शिकलेला वाइनचं. त्याची सगळ्यात गाजलेली बिअर, जिला ब्रुअरीतल्या मांजराचं नाव दिलंय, ती वाइनच्या जुन्या लाकडी पिंपांमध्ये मुरवतात आणि मग वेगवेगळ्या पिंपांतला माल चाखून चाखून एकत्र करतात. अल्कोहोल ११ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या बिअरच्या दुप्पट. जुन्या लाकडात वाइनचा अंश असतो, जंतू असतात, हवाही थोडी थोडी झिरपते, आंबटपणा तिथनंच येतो. असली बिअर बर्फासारखी गार करू नका, चवच कळत नाही.

पिंप हा एकच रस्ता नाही. इटलीत सरळ द्राक्षाचा रसच बिअरमध्ये घालतात. सार्डिनियातल्या बार्ले नावाच्या छोट्या ब्रुअरीनं कानोनाऊ द्राक्षाचा रस आटवून काकवीसारखा घट्ट केला आणि बिअरमध्ये घातला, ती बिअर बरीच गाजली. तिसरा रस्ता म्हणजे बिअर वाइनच्या यीस्टनं (आंबवणाऱ्या सूक्ष्म जिवांनी) आंबवायची, पण तो जरा नाजूक, कारण वाइनच्या बऱ्याच यीस्टना माल्टमधली (मोड आणून वाळवलेल्या धान्यातली) एक साखर पचत नाही, बिअर गोडसर राहते, वर त्यातल्या काही जाती बिअरच्या यीस्टला चक्क मारून टाकतात.

आता तुमच्या बागेचं. आपली थॉमसन, सोनाका ही खायची द्राक्षं, मणी मोठा, पाणी जास्त आणि साल त्या मानानं कमी, आणि वाइनचा रंग, तुरटपणा, वास बराचसा सालीत असतो. वाइनची जात वेगळी लावावी लागते. आपल्याच जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात फ्रातेल्ली या वाइन कंपनीनं सांजोवेझेसारख्या इटालियन जाती लावून वाइन काढलीच आहे, त्यामुळं हवामान आडवं येतंय असं म्हणायला जागा नाही, एकदा तिकडं चक्कर मारून या.

अवघड आहे ते सेंद्रिय. भावाला विचारा, छाटणीनंतर पाऊस लागला आणि डावणी (वेलीवरचा बुरशीचा रोग) आली की काय मारणार? सेंद्रियमध्ये सगळी भिस्त गंधक आणि बोर्डोवर (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणावर), आणि बोर्डोतल्या तांब्यावरही मर्यादा. युरोपात तर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोच तांबं चालतं. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या वेलालाही डावणी आणि भुरी हे दोन्ही बुरशीचे रोग येतात, म्हणून सेंद्रिय हॉप्स मिळायची मारामार, अमेरिकेत २०१२ संपेपर्यंत सेंद्रिय बिअरमध्ये साधे हॉप्स चालवून घेत होते ते यामुळंच. लोकांना डोंगर, झरे, थंड हवा यांचं लय कौतुक, पण माझ्या मते खरी परीक्षा फवारणीच्या वहीत असते. आपल्याकडं द्राक्षाला प्रमाणपत्र मिळेपर्यंत तीन वर्षं बाग सेंद्रियवर आणण्यात (रूपांतरात) जातात, त्या काळात उत्पन्न घटलं तर घर कशावर चालणार हे आधी मांडा, आणि सगळी बाग एकदम काढू नका, एका कोपऱ्यात करून बघा.

बिअर बनवायचं म्हणाल तर लायसन्स लागतं, घरी पिंपात प्रयोगसुद्धा करू नका, राज्य उत्पादन शुल्कवाले दारात उभे राहतील. ब्रुअरीचा खर्च बघता मी तर म्हणेन सध्या द्राक्षच नीट पिकवा आणि वायनरीला द्या.