वाचकांचे प्रश्न : आधी काठी, मग गळ

प्रश्न : समुद्रालगतच्या सरोवरावर आठ वर्षांच्या मुलीला घेऊन गळ टाकायला जातो. नेहमीच्या जागी आता काहीच लागत नाही. सरोवर जिथे समुद्राला उघडतं त्या मुखाशी वाळूचा दांडा वाढला आहे. भरतीचं वेळापत्रक पाहून गेलो तरी तेच. काय चुकतंय?

उत्तर : वेळापत्रक समुद्राचं आहे, सरोवराचं नव्हे. मुख अरुंद झालं की भरतीचं पाणी आत उशिरा पोचतं आणि कमी चढतं; मुख बुजलं तर येतच नाही. म्हणून पोचल्यावर पहिलं काम काठीचं. वाऱ्याच्या आडोशाला घोटाभर पाण्यात काठी रोवा, पाण्याच्या रेषेवर खूण करा आणि दर अर्ध्या तासाने नवी खूण करा. आडोसा अशासाठी, की वारा पाणी एका काठाकडे ढकलतो आणि भरती आल्याचा भास होतो. हे काम मुलीकडेच द्या. गळ हलण्याची वाट बघण्यापेक्षा तिला ते जास्त रमवेल.

खुणा वर सरकू लागल्या तर मुख उघडं आहे. आत येणाऱ्या प्रवाहाच्या कडेला, जिथे पाणी संथ होतं तिथे गळ टाका. दोन तासांत खूण हललीच नाही तर मुख जवळपास बंद समजा. मात्र ही परीक्षा अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात घ्या; अष्टमीच्या आसपास, भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत पाणी तसंही थोडंच हलतं.

मुख बंद असेल तर पाण्याचे थर पडतात. पावसाचं गोडं पाणी हलकं, ते वर राहतं, खारं तळाशी. बरेच दिवस वारा नसला तर तळाचा प्राणवायू संपत जातो. गळाच्या दोरीला बांधलेलं शिशाचं वजन वर ओढल्यावर त्याला काळा चिखल आणि सडक्या अंड्यांचा वास आला, तर तळाशी मासा थांबणार नाही. तरंगा (दोरीवरचं तरंगणारं बूच) आणि गळ यांतलं अंतर मीटरभर असेल तर ते अर्ध्यावर आणा. उलट, मुख उघडं आहे आणि नुकताच जोराचा पाऊस झाला आहे, अशा वेळी खाऱ्या पाण्यातला मासा खाली उतरतो. तेव्हा अंतर वाढवा. जलपर्णीकडेही लक्ष ठेवा. ती पिवळी पडू लागली असेल तर खारं पाणी तिथवर पोचलं असण्याची शक्यता आहे, म्हणजे जुनी जागा सोडायची वेळ आली. मुखावर किती अवलंबून असतं हे ओडिशातल्या चिलिका सरोवरात दिसलं : सप्टेंबर २००० मध्ये नवं मुख खोदल्यावर खारटपणाही वाढला आणि मासळीही.

वाळूच्या दांड्यावर मात्र मुलीला उभं करू नका. आत पाणी तुंबलेलं असताना दांडा फुटला, तर पायाखालची वाळू काही मिनिटांत वाहून जाते.

प्रश्न : बोई माशांचे थवे समोर उड्या मारतात, पण कोळंबीला तोंड लावत नाहीत. का?

उत्तर : बोई चिखलावरचं शेवाळ आणि कुजका पाला खाते. तोंड लहान, ओठ मऊ. गळ १० किंवा १२ नंबरचा घ्या (नंबर मोठा तितका गळ लहान, इथे बरेच जण फसतात). वाटाण्यापेक्षा लहान कणकेची गोळी लावा आणि आधी चिमूटभर कणीक तिथे टाका, म्हणजे थवा थांबेल. तरंगा थरथरला की गळाची काठी नुसती वर उचलायची. मुलं हिसका देतात, ओठ फाटतो आणि मासा जातो. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. मासा सोडवणं सोपं जातं आणि बोटात घुसला तरी गळ सहज निघतो.

प्रश्न : पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमीट करतात. आयती संधी म्हणायची का?

उत्तर : नाही, ते गुदमरतायत. रात्री शेवाळही प्राणवायू वापरतं, त्यामुळे उजाडण्याच्या सुमारास तो सर्वांत कमी असतो. ३० अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो, समुद्राच्या पाण्यात सहाच्या आसपास. असा मासा आमिष घेत नाही आणि पकडून सोडला तरी जगण्याची आशा कमी. पाण्यावर हिरवा तवंग असेल तर मुलांना पाण्यात उतरवू नका, तिथली मासळीही घरी आणू नका.

प्रश्न : शिंगाळा (मिशांचा, काटेरी मासा) लागला तर हाताने सोडवावा का?

उत्तर : लहान मुलांनी नाही. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांना एकेक असे तीन विषारी काटे असतात, ते ताठ होऊन अडकतात. पकडीने जमत नसेल तर तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) गळाजवळ कापा. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, ३० ते ९० मिनिटं बुडवा. पाणी आधी स्वतःच्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. त्यानंतर डॉक्टरांना दाखवा; काट्याचा तुकडा आत राहिला असू शकतो.