बंगला दिसला की भूत हवंच का?

प्रश्न : मुखपृष्ठावर काळपट निळं आभाळ, एकाकी बंगला आणि वरच्या मजल्यावरच्या एकाच खिडकीत पिवळा उजेड. भयकादंबरी म्हणून घेतली. आत निघाली भावंडांच्या वाटणीची गोष्ट! अर्धं पुस्तक भुताची वाट पाहण्यात गेलं, उरलेलं चिडून संपवलं. मुखपृष्ठ करणारे पुस्तक वाचतात तरी का? ही फसवणूक नव्हे का?
– एक वाचक

उत्तर : तुमचा राग रास्त आहे, पण बंगल्यावर काढू नका. बंगला कादंबरीत असणारच, वाटणी बहुधा त्याचीच झाली. घोळ केला तो खिडकीनं. अंधारलेलं घर आणि वर एकच पेटलेली खिडकी, हा भयकथांचा ठरलेला इशारा आहे. तोच बंगला दुपारच्या उन्हात, फाटकाला दोन सायकली टेकवून काढला असता, तर भूत तुमच्या डोक्यातही आलं नसतं.

चित्राच्याही आधी अक्षरं बोलतात, असं मला मुखपृष्ठं करताना कायम वाटत आलंय. शीर्षकाची शिरोरेखा खाली ओघळलेली असेल, काने सुरीसारखे टोकदार झाले असतील, तर चित्रात गुलाब असला तरी खून पडणार. शिरोरेखाच गाळून, वेलांट्या ऐसपैस फिरवत सैल हातानं लिहिलेलं शीर्षक म्हणजे प्रेमकथा, फार तर ललित लेख. जाडजूड सोनेरी अक्षरं आणि मागे उधळलेली धूळ दिसली, की इतिहास. आणि जवळजवळ कोरं पान, कोपऱ्यात मुंगीएवढं नाव? कवितासंग्रह, नाहीतर स्वतःला फार गंभीर समजणारी कादंबरी. (अशी कोरी पानं मीही बरीच केलीत, आणि त्यांचे पैसे पूर्ण घेतलेत.)

हे संकेत म्हणजे आळस, असं मी मानत नाही. पेंग्विन या ब्रिटिश प्रकाशनानं 1935 साली स्वस्त पुस्तकं काढली तेव्हा मुखपृष्ठावर प्रसंगचित्र नव्हतंच. मांडणीकार एडवर्ड यंगच्या मांडणीत नुसते आडवे पट्टे होते. कादंबरीला नारिंगी, रहस्यकथेला हिरवा, चरित्राला निळा. पुढे 1961 मध्ये रोमेक मार्बर या मांडणीकारानं रहस्यकथांची मांडणी पार बदलली, चित्रं आणली, हिरवा रंग मात्र ठेवला. फ्रान्समध्ये गालिमार या प्रकाशनाच्या साहित्यिक कादंबऱ्या सायीच्या रंगाच्या, बिनचित्राच्या, आणि 1945 मध्ये सुरू झालेली गुन्हेगारी कथांची मालिका काळी. प्रकाशक एकच, पण मालिका हातात घेतली की वाचक वेगळ्या तयारीनं बसतो.

आता, पुस्तक वाचतात का? कधी पूर्ण, कधी नुसता सारांश. कित्येकदा सारांशासोबत विक्री विभागाची चिठ्ठी येते : ‘त्या गाजलेल्या पुस्तकासारखं करा.’ तुमची पेटती खिडकी अशाच चिठ्ठीतून आली असावी, असा माझा संशय. याचा तोटा तुमच्याहून लेखकाला जास्त. चांगली कौटुंबिक कादंबरी तुम्ही भयकथेच्या मापानं मोजली आणि ती नापास झाली.

लेखिकांच्या वाट्याला तर हे फारच येतं. युद्धावर लिहा नाहीतर राजकारणावर, मुखपृष्ठावर पाठमोरी बाई ठरलेली, केस वाऱ्यावर. 2013 मध्ये मॉरीन जॉन्सन या लेखिकेनं वाचकांना गंमत सुचवली होती : लेखकाच्या जागी लेखिका असती, किंवा उलट, तर त्याच पुस्तकाचं मुखपृष्ठ कसं झालं असतं, ते करून दाखवा. लोकांनी हौसेनं करून पाठवली. पुस्तक तेच, पण फुलं आणि फिकट गुलाबी रंग आला की ते हलकंफुलकं वाटू लागतं, हे त्यात ढळढळीत दिसलं.

तुमची कादंबरी महिनाभर बाजूला ठेवा आणि मुखपृष्ठ झाकेल असं कागदी कव्हर घालून पुन्हा वाचा. आणि पुढच्या खरेदीला मलपृष्ठावरच्या मजकुरावरही विसंबू नका, तोही बऱ्याचदा त्याच चिठ्ठीवरून लिहिलेला असतो. मधलं एखादं पान उघडून वाचा.

प्रश्न : माझी पहिली रहस्यकादंबरी येते आहे. मुखपृष्ठ रहस्यकथेसारखं अजिबात नको, हटके हवं. प्रकाशक ऐकत नाहीत.
– एक नवोदित लेखक

उत्तर : प्रकाशकांचं ऐका. नव्या लेखकाचं नाव कुणाला ठाऊक नसतं, मग निदान पुस्तक कशाचं आहे ते तरी कळू द्या. हटके काय ते एकच ठेवा, रंग किंवा चित्राचा कोन. अक्षरं ओळखीची राहू द्या. शिवाय फोनच्या पडद्यावर तुमचं पुस्तक नखाएवढं दिसणार आहे. मसुदा त्या आकारात पाहा, आणि शीर्षक वाचता आलं नाही तर चित्रकाराशी खुशाल भांडा. आणखी एक : मुखपृष्ठावरच्या माणसाच्या हातात शस्त्र देताना तो खुनी नाही ना, हे चित्रकाराला विचारा. त्याला सारांशच मिळालेला असतो.