खोली भाड्याची, पण मीटर आपल्या नावावर

प्रश्न: चार खोल्यांच्या चाळीत आम्ही सहा वर्षं भाड्यानं राहतो. महापालिकेची हद्द आहे. करार नाही, पावती नाही, दरमहा 3,500 रुपये रोख देतो. मी धुणीभांडी करते, नवरा रखवालदार आहे. चारही खोल्यांना मिळून मालकाच्या नावाचं एकच मीटर आहे. मालक सबमीटर बघून युनिटला 14 रुपये घेतो. गेल्या महिन्यात 95 युनिटांचे 1,330 रुपये मागितले. कंपनीचं बिल दाखवा म्हटलं, तर त्यानं आमच्या खोलीचा फ्यूज काढून नेला. बारा दिवस झाले. शेजारच्या काकू खिडकीतून वायर देतात, त्यावर मुलीचा दहावीचा अभ्यास चालतो. वीज कार्यालयात म्हणाले, मालकाचं ना हरकत पत्र आणा, आणि या खोलीवर जुन्या भाडेकरूच्या मीटरची 27,000 रुपये थकबाकी आहे, ती भरा. आमच्यासारख्यांना वीजबिलात काही मदत मिळते का?

उत्तर: ताई, मदत आहे, पण ती दरपत्रकातच बसवलेली आहे आणि नेमकी तीच तुमच्यापर्यंत पोचत नाही. महाराष्ट्रात घरगुती विजेचे टप्पे असतात: पहिली 100 युनिटं सगळ्यांत स्वस्त, 101 ते 300 बरीच महाग, त्यापुढं आणखी महाग. तुम्ही 95 युनिटं जाळता, म्हणजे तुमचा सगळा वापर स्वस्त टप्प्यात बसायला हवा. पण चार बिऱ्हाडांची मिळून 360-380 युनिटं एकाच मीटरवर पडतात. स्वस्त टप्पा चौघांना मिळून एकदाच मिळतो आणि उरलेली अडीचशेहून जास्त युनिटं वरच्या दरानं मोजली जातात. त्यावर मालकाचे 14 रुपये! कमी वीज वापरणारं घर जास्त दर भरतं ते असं. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांचा वेगळा दर आहे, पण तो महिन्याला 30 युनिटांच्या आतल्या वापरासाठी. तुमचा वापर त्यात बसत नाही. म्हणून तुमच्यासाठी सगळ्यांत मोठी सवलत म्हणजे स्वतःचं मीटर. त्यावर स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो दरमहा लागणारी ठरावीक रक्कम, वेगळा पडेल, तरी आजच्या 1,330 पेक्षा बिल बरंच खाली येईल. पुढं कुठलीही सवलत आली तरी ती ग्राहक क्रमांक बघूनच मिळते, आणि आज तुम्हाला ग्राहक क्रमांकच नाही.

पण आधी घरात उजेड आणू.

मालकानं फ्यूज काढणं बेकायदा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 29 नुसार घरमालकाला पाणी, वीज, जिन्यातला दिवा अशा अत्यावश्यक सोयी योग्य कारणाशिवाय तोडता येत नाहीत. बिलाची रक्कम मान्य नाही म्हणून भाडेकरूला अंधारात ठेवायचं, हे योग्य कारण होत नाही. खुद्द वीज कंपनीलासुद्धा थकबाकीसाठी वीज तोडायची तर विद्युत कायदा, 2003 च्या कलम 56 प्रमाणे पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मालकानं तुम्हाला एक दिवसही दिला नाही. शिवाय विजेचा व्यापार करायला कलम 12 खाली परवाना लागतो. म्हणून 14 रुपयांचा दर कुठून आला, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क होता.

कलम 29 चा अर्ज तुमच्याकडच्या लघुवाद न्यायालयात, ते नसेल तर दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे करायचा. अर्जातच अंतरिम आदेश मागा, म्हणजे निकालाआधी वीज जोडून मिळू शकते. वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी तिचं उत्पन्न बघितलं जात नाही. न्यायालयाच्या आवारात तालुका किंवा जिल्हा विधी सेवेचं कार्यालय असतं, तिथं जा. नाहीतर 15100 वर फोन करा.

करार नाही म्हणून घाबरू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नं करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. तो केलेला नसेल तर भाड्याच्या अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. एक मात्र कटाक्षानं पाळा: भाडं थांबवू नका. रागाच्या भरात भाडं अडवलं की मालकाच्या हातात आयतं कोलीत मिळतं. त्यानं घेतलं नाही तर मनीऑर्डरनं किंवा त्याच्या खात्यात पाठवा आणि पावती जपून ठेवा. सहा वर्षांत कागदावर आलेलं ते पहिलं भाडं असेल.

आता काकूंची वायर. हे लिहिताना मला जड जातंय, कारण त्या माउलीनं माणुसकीनंच दिली आहे. पण ज्या जागेसाठी वीज मंजूर झाली ती सोडून दुसऱ्या जागेत वापरणं हा विद्युत कायद्याच्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दरानं होते. तो भुर्दंड काकूंच्या बिऱ्हाडावर येईल. मुलीला काही दिवस काकूंच्याच खोलीत बसून अभ्यास करू द्या, वायर मात्र काढा. आणि कुणी खांबावरून आकडा टाकून देतो म्हणालं, तर त्याला दारातूनच परत पाठवा. ती कलम 135 खाली चोरी आहे, त्यात तुरुंगवासही आहे.

आता स्वतःचं मीटर. विद्युत कायद्याचं कलम 43 म्हणतं, जागेचा मालक 'किंवा' तिथं राहणारा, कुणीही अर्ज केला तरी वीज देणं कंपनीचं कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की वीज ही मूलभूत गरज आहे आणि घरमालक ना हरकत पत्र देत नाही म्हणून भाडेकरूला ती नाकारता येत नाही. कंपनीनं फक्त अर्जदार त्या जागेत राहतो का, एवढंच बघायचं. तेव्हा राहत असल्याचे पुरावे गोळा करा: त्या पत्त्याचं रेशनकार्ड, आधार, मतदार ओळखपत्र, मुलीच्या शाळेतली पत्त्याची नोंद, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. तोंडी बोलून परत येऊ नका. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. कारकून घेत नसेल तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. नाकारायचं असेल तर कारण लिहून द्या, एवढंच शांतपणे म्हणा. 2024 च्या दुरुस्तीनंतर महानगरांत 3 दिवसांत आणि इतर पालिका क्षेत्रांत 7 दिवसांत जोडणी द्यायची असा केंद्राचा नियम आहे. कंपनी मुदतीत वीज देत नसेल तर कलम 43 मध्येच दिवसाला 1,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

27,000 बद्दल मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. जुन्या थकबाकीशी नव्या राहणाऱ्याचा काहीच संबंध नाही, असं अनेकजण सांगतात. ते चूक आहे. 2023 च्या के. सी. निनान निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की नियमांत तशी तरतूद असेल तर कंपनी जागेवरची जुनी थकबाकी मागू शकते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेत, म्हणजे वीजपुरवठ्याच्या नियमांत, ती तरतूद आहे, पण तिच्यातच भाडेकरूला वाचवणारी मर्यादाही आहे: वारसाकडे जोडणी जात असेल तर गोष्ट वेगळी, एरवी नव्या राहणाऱ्याकडून जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या न भरलेल्या वीजवापराचीच रक्कम घेता येते. म्हणून अर्जासोबत त्या जुन्या मीटरचा खातेउतारा मागा. 27,000 मध्ये मूळ बिल किती, व्याज किती, कुठल्या महिन्यांचं, हे त्यात दिसेल. अशा उताऱ्यांत व्याजच फुगलेलं असतं, हे मी कितीदा पाहिलंय. सहा महिन्यांचा हिशेब मांडा, त्याचे हप्ते मागा आणि तुमच्या अर्जात लिहा की ही रक्कम मूळ ग्राहकाची आहे, मी हक्क राखून भरते आहे.

लेखी तक्रारीनंतरही कार्यालय हललं नाही तर वीज ग्राहकांसाठीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. तिथं वकील लागत नाही. साध्या मराठीत घडलेलं तारखेवार लिहिलंत तरी चालतं. मंचाचा निर्णय पटला नाही तर 60 दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येतं.

राहिला मालक. त्याची भीती ओळखीची आहे: मीटर भाडेकरूच्या नावावर गेलं की खोलीही जाईल. तसं होत नाही, वीजजोडणीनं मालकी मिळत नाही. 'या मीटरवरून मी खोलीच्या मालकीचा कोणताही हक्क सांगणार नाही, खोली सोडताना बिल चुकतं करून देईन' अशी दोन ओळींची चिठ्ठी सही करून न्या. शक्य असेल तर बाकीच्या तिन्ही बिऱ्हाडांनाही सोबत घ्या, कारण स्वस्त टप्पा त्यांचाही बुडतो आहे. त्यानं चिठ्ठी घेऊन फ्यूज परत लावला तर न्यायालयाची पायरी चढावी लागणार नाही. नाही लावला, तर दुसऱ्याच दिवशी सकाळी विधी सेवेचं कार्यालय गाठा. मीटरचा अर्ज मात्र दोन्ही परिस्थितींत द्याच.